कुरणावरचं तळं

तळ्याच्या मोरीचा दट्ट्या उपसायचा मान माझो घराण्यात थोरल्याचा. बाबा गेल्यापासून तो रेजिसकडे आला होता, आणि रेजिस नेहमीप्रमाणे अजून आला नव्हता.

खरं तर दट्ट्या त्याच्या बहिणीनं, ओदीलनं आठवड्यापूर्वीच सैल केला होता. तीन वर्षांतून एकदा तळं रिकामं करायचं म्हणजे पाणी एकदम सोडून चालत नाही, खालच्या ओढ्याला ते झेपत नाही. रोज उजाडल्यावर ती एकटी बांधावर जायची, मोरीवरच्या लोखंडी चाकाला दोन्ही हातांनी थोडा पीळ द्यायची आणि पाण्याचा आवाज ऐकत उभी राहायची. आवाज बदलला की परत फिरायची. असं करत करत शनिवारी सकाळी तळं म्हणून मोरीपाशी एक गढूळ डबकं तेवढं उरलं होतं. त्यात कार्प माशांच्या काळ्या पाठी एकमेकींवर घासत होत्या. बाकी सगळा राखाडी चिखल. शेवटचे पीळ तिनं थोरल्यासाठी म्हणून राखून ठेवले होते.

घरातही तिची तयारी गुरुवारपासून चालली होती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. निवृत्त झाल्यापासून चार माणसांसाठी रांधायची वेळ म्हणून यायची नाही. त्यामुळे तिनं बटाटे आणि साय भरलेला, वर पिठाची पारी घालून भाजायचा भला मोठा पाते केला, डुकराचं मांस चेस्टनटबरोबर मंद आचेवर ठेवलं. वरच्या खोल्यांत शेगड्या पेटवल्या, पलंगांवर धुतलेल्या चादरी घातल्या. रात्री सगळे राहतील असं कोणी कबूल केलं नव्हतं, पण राहणार नाही असंही कोणी म्हणालं नव्हतं.

"आत्या, पेंढा कुठं उतरवू?"

सोलेन, रेजिसची मुलगी, बापाच्या आधी पोचली होती. ती नदी मंडळात नोकरीला होती. वर्षभर रबरी बूट घालून ओढ्यांतून हिंडायचं, पाणी मोजायचं, मासे मोजायचे, हे तिचं काम. आज तिनं स्वतःच्या जुन्या गाडीला ट्रेलर लावून पेंढ्याचे गठ्ठे आणले होते.

"मंडळाची गाडी मुद्दामच आणली नाही," ती म्हणाली. "त्या गाडीवरचं माशाचं चित्र बघितलं की पप्पांचं रक्त उसळतं."

दोघींनी मिळून गठ्ठे मोरीच्या खाली ओढ्यात आडवे लावले. शेवटचं पाणी सुटलं की त्याबरोबर गाळ येतो. तो पेंढ्यात अडला नाही तर खालच्या खडीवर जाऊन बसतो, आणि थोड्याच दिवसांत ट्राउट मासे त्याच खडीत अंडी घालायला येणार असतात. ओदीलला हे सगळं सोलेनमुळेच कळलं होतं. बाबांच्या काळी गाळ सरळ खाली जायचा आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचं नाही.

"वरच्या अंगाला पाणी इतकं गार आहे आत्या, हात ठेववत नाही," सोलेन गठ्ठ्यावर पाय रोवत म्हणाली. "आणि बांधाखाली जुलैत हेच पाणी अंघोळीला चालेल. बिचारे मासे वर जाऊ म्हणतात तर मध्ये आजोबांची भिंत."

"आज तुझ्या बापासमोर हे काढू नकोस."

"मी कशाला काढू? तेच काढतील."

सप्टेंबरमध्ये जिल्ह्याच्या पाणी खात्यातली एक बाई येऊन गेली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. बाई सभ्य होती. तिनं कॉफी घेतली, बाबांच्या फोटोकडे बघून मान हलवली आणि मग सांगितलं की या तळ्याला परवानगीच नाही. ट्राउटच्या ओढ्यावर आडवा बांध घालून केलेलं तळं. एक तर ते नियमात बसवा: तळातलं गार पाणी सोडणारी नवी मोरी, माशांना वर जायला बाजूनं पाट, बांधाची तपासणी, आणि जबाबदार म्हणून कुणा एकाचं नाव. नाही तर काढून टाका, त्याचा बहुतेक भार सरकार उचलेल. निघताना कोट चढवता चढवता ती तिसरंही एक बोलली. तळं राजेशाहीच्या काळातलं आहे असं सिद्ध झालं, तर जुना हक्क मानावा लागतो, मग गोष्ट वेगळी. ओदीलनं हे तिन्ही रेजिसला फोनवर सांगितलं. तिसरं त्यानं तिला दोनदा सांगायला लावलं.

तो आला तेव्हा धुकं उठून गेलं होतं. बरोबर मादो होती, तिघांतली धाकटी. ती क्लेरमाँच्या इस्पितळात परिचारिका होती. मागच्या सीटवर शालीत गुंडाळलेली लेआ मावशी, आईची बहीण. मावशीला तो मुद्दाम वाट वाकडी करून वृद्धाश्रमातून घेऊन आला होता. हे ओदीलला नवीन होतं. तळ्याच्या दिवशी मावशीला आणायचं आजवर कुणाला सुचलं नव्हतं.

"वहिनी?" ओदीलनं विचारलं.

"कोरीनचं डोकं दुखतंय."

कोरीनचं डोकं दर तीन वर्षांनी दुखायचं. ओदीलनं मनातल्या मनात टेबलावरचं एक ताट उचललं.

रेजिसनं पेंढ्याच्या गठ्ठ्यांकडे बघितलं, मग लेकीकडे. "हे काय, गायी बांधायच्यात की काय ओढ्यात?"

"गाळ अडतो, पप्पा."

"साठ वर्षं अडला नाही तो."

"म्हणून तर खाली मासा नाही."

"झालं सुरू," मादो म्हणाली. "अरे, गाडीतून उतरू तरी द्या माणसाला."

त्यानं चाक फिरवलं. दट्ट्या निघाला, शेवटचं पाणी घोगऱ्या आवाजात मोरीत शिरलं आणि डबकं बघता बघता ओसरलं. शेजारचा पोमिये ट्रॅक्टर आणि पिंपं घेऊन आलाच होता. मग तासभर कुणाला भांडायला फुरसत मिळाली नाही. रेजिस आणि पोमिये जाळं ओढत होते, सोलेन कमरेपर्यंत चिखलात उभी राहून हातजाळीनं कार्प उचलत होती, मादो पिंपापाशी ओरडत होती की हा केवढा, हा बघा केवढा. ओदील बांधावरून बादल्या देत होती. तिला वाटलं, बघणाऱ्याला आपण एक घर वाटत असू. या एका तासासाठी ती तीन वर्षं थांबायची. हसणं, चिखल, रेजिसच्या तोंडून बाबांसारख्या निघणाऱ्या शिव्या. मग पोमिये पिंपं घेऊन गेला, आणि तळाशी चिखलातून वाट काढत ओढा वाहताना दिसला. बारीक, वळणावळणाचा. वर्षानुवर्षं पाण्याखाली राहूनही त्यानं आपली वाट सोडली नव्हती.

लेआ मावशी गाडीत बसूनच काचेतून तिकडे बघत होती.

जेवणं चवीनं झाली. रेजिसनं पाते दोनदा घेतला, आईच्या हाताची आठवण काढली. कॉफीच्या आधी त्यानं ताटं बाजूला सारली आणि कोटाच्या खिशातून टाइप केलेला एक कागद काढला.

"मावशी, तुझ्याकडे एक लहानसं काम आहे."

"मोठ्यानं बोल."

"सही हवीये तुझी. मी वाचून दाखवतो." त्यानं घसा साफ केला. "मी, लेआ फोशे, लिहून देते की माझ्या लहानपणी या ठिकाणी जुना दगडी बांध व तळं होतं. माझ्या मेहुण्यानं त्याची फक्त दुरुस्ती केली."

"कुणाच्या लहानपणी?"

"तुझ्या."

"माझ्या लहानपणी इथं गवत होतं," मावशी म्हणाली. "गुडघ्याएवढं. तुमच्या आईचं, क्लेमांसचं कुरण हे. आमच्या बापानं तिला लग्नात दिलं. मला शिवणयंत्र दिलं."

"बाबा तर म्हणायचे मठातल्या साधूंचं तळं होतं," मादो म्हणाली. "मी ते फक्त परत उभं केलं, असं म्हणायचे."

"तुझा बाप पुष्कळ काही म्हणायचा."

रेजिस हसला. समजूत घालताना हसतात तसं. "मावशी, अगं इतक्या वर्षांनी कुणाला नक्की आठवतं? या भागात साधूंची तळी होतीच. हे नसेल तर शेजारचं असेल. त्या ऑफिसला एक जुनं माणूस हवंय, बस. तुझ्याइतकं जुनं गावात दुसरं कोणी उरलेलं नाही."

"मी बहिरी आहे रे. वेडी नाही."

"पप्पा," सोलेन हळूच म्हणाली, "मी इथं बसलेय. हे सगळं माझ्या कानावर पडलंय."

"तू इथं घरची म्हणून आलीस की मंडळाची म्हणून?"

"पेंढा उतरवायला आले."

"मग तो उतरवून झालाय."

मादोनं ब्रेडचे तुकडे बोटानं गोळा केले. ओदीलला वाटलं आता मावशी रागावेल. पण मावशी कागदाकडे न बघता खिडकीकडे बघत होती. तिथून पलीकडचा उघडा चिखल दिसत होता.

"क्लेमांसनं त्याला एकदा सांगितलं होतं, नको म्हणून," ती म्हणाली. "माझ्यासमोर. एकदा सांगून ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगायची तिची रीत नव्हती. पुढं ती त्या बांधावर कधी चढली का, आठवा तुम्हीच."

ओदील आठवत राहिली. तळं उपसायच्या दिवशी आई फाटकापर्यंत यायची, बादल्या हातात द्यायची आणि परत स्वयंपाकघरात जायची. तिला कामं असायची म्हणून, असं ओदीलनं आयुष्यभर धरून चाललं होतं. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे पाण्याकडे तोंड करून अंगणात बसायचे आणि आई शेंगा सोलायला खुर्ची भिंतीकडे वळवून घ्यायची. उजेड डोळ्यांवर येतो म्हणायची. शेवटची कितीतरी वर्षं ओदील एकटीच तिच्याजवळ होती, तिचे केस विंचरायची, औषधं द्यायची. तिनं कधी विचारलं नाही आणि आईनं कधी सांगितलं नाही.

"पण क्लेमांस गेली," मावशी तिच्याकडे वळली. "इथं राहतं कोण? तू. या दोघांचं काय, येतात, मासे नेतात. ओदील, तुला हे तळं हवं असेल तर मी सही करते. या वयात मला तुरुंगात कोण घालतंय. वर गेल्यावर काय सांगायचं ते माझं मी बघीन. पण तू म्हणालीस तर. याच्या म्हणण्यावरून नाही."

सगळे ओदीलकडे बघायला लागले. या टेबलावर असं तिच्याकडे बघून कुणी काही विचारल्याचं तिला आठवत नव्हतं.

"मी कॉफी ठेवते," ती म्हणाली आणि उठली.

मादो मागोमाग आत आली. तिनं फडकं घेतलं आणि ताटं पुसायला सुरुवात केली.

"सरळ हो म्हण आणि मोकळी हो," ती म्हणाली. मग आवाज उतरवून, "खरं सांगू, काढून टाकलं तरी मला चालेल. उद्या बांध फुटला, खाली कुणाचं काही झालं, तर तिघांच्या नावावर. मला कुठं ते झेंगट हवंय. पण मी रेजिसला शब्द दिलाय."

"का दिलास?"

"माझा घटस्फोट झाला तेव्हा तो एकटा माझ्याबरोबर कोर्टात आला होता. दर वेळी. तू आली नव्हतीस."

"आई अंथरुणावर होती."

"माहीत आहे गं. मी काही म्हटलं का?"

ओदीलनं कॉफीचं पाणी चढवलं. "वरच्या खोलीत शेगडी पेटवलीये तुझ्यासाठी. मघाशी बघितलं, चांगली ऊब धरलीये."

मादोचा हात थांबला. "अगं, मी गावात हॉटेल घेतलंय. तुला उगीच त्रास कशाला. उद्या सकाळीच निघायचंय."

"त्रास कसला."

"पुढच्या वेळी राहीन ना."

"मादो, तळं नसलं तर येशील?"

"येईन की. का नाही येणार?" मादो तेच ताट पुन्हा पुसत होती.

"कधी?"

"आता असं कसं सांगू? बघू."

कॉफी वर आली. ओदीलनं गॅस बंद केला, ट्रे मादोच्या हातात दिला आणि मागच्या दारानं बाहेर पडली.

रेजिस बांधावर उभा राहून सिगारेट ओढत होता. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली होती. तिला बघून त्यानं ती लपवली नाही.

"तुला आठवत असेल ते गवत," ओदील म्हणाली. "तू चांगला मोठा होतास. मी लहान होते, मला तळंच आठवतं."

त्यानं सिगारेटची राख बांधावर झटकली.

"आठवतं," मग म्हणाला. "त्या उन्हाळ्यात मी ढकलगाडीनं माती आणायचो. त्या खाणीपासून इथपर्यंत. हात सोलवटून निघाले होते. बाबा रोज संध्याकाळी माझ्या हातांवर चरबी चोळायचे. स्वतः. आणि बोलायचे माझ्याशी, ओदील. हा दगड असा का, ती माती तशी का. त्याच्या आधी ते माझ्याशी कधी बोलले नव्हते, आणि बांध झाल्यावरही फारसे नाही. तुम्ही दोघी आईच्या बाजूच्या. मला काय मिळालं असेल तर हे." त्यानं टाच मातीत दाबली. "आणि माझीच पोरगी येऊन मला सांगते, भिंत म्हणून."

ओदीलला त्याच्या बाहीला हात लावावासा वाटला. त्यांच्या घरात तशी पद्धत नव्हती. वयाच्या सत्तरीला आलेला, पोट सुटलेला हा माणूस, त्याचे सोललेले हात, आणि पाण्याखाली गेलेलं आईचं गवत. दोन्ही खरं होतं. यातलं एक ठेवायचं म्हणजे दुसरं खोटं ठरवायचं आणि तेही मावशीच्या तोंडून.

आणि ती स्वतः? तिला काय हवं होतं हे तिला स्वयंपाकघरातच कळलं होतं. तिला तळं नकोच होतं. तिला तीन वर्षांतला तो एक तास हवा होता. त्यासाठी ती खोटंही बोलायला तयार झाली असती, सकाळपर्यंत. पण त्या तासाला आलेली माणसं संध्याकाळी हॉटेलात जाणार होती.

"मी मावशीला नको म्हणणार आहे," ती म्हणाली.

"काय?"

"सही करू नकोस म्हणून सांगणार आहे. काढून टाकू या, रेजिस."

"तू इथं राहतेस म्हणून हे तुझं झालं नाही."

"नाही झालं. आईचं होतं."

तो तिच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा नुसता रिकामा झाला.

"मग मी इथं कशाला येऊ?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

माझ्यासाठी ये, एवढे दोनच शब्द पुरले असते. ते म्हणायची सवय जिभेला कधी लागली नव्हती, आणि ते सुचेपर्यंत तो उतारावरून निम्मा खाली गेला होता.

मावशीनं कागदाची घडी करून कॉफीच्या कपाखाली ठेवली. "बरं केलंस," एवढंच म्हणाली. मादो थोडी रडली, नक्की कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. रेजिसनं आपल्या वाटचे मासे गाडीत घेतले नाहीत. अंधार पडायच्या आत सगळे गेले.

सोलेन शेवटची. बूट हातात घेऊन ती दारात घुटमळली. "आत्या, मी राहू का आज?"

"नको गं. तुला उद्या कामं असतील."

"नाहीत."

"असू दे. जा तू. रस्त्यावर धुकं उतरेल."

ती गेल्यावर ओदील वर गेली आणि सगळ्या शेगड्या विझवल्या. राहा म्हणायला काय झालं होतं, ते तिचं तिलाच कळेना. इतकी वर्षं नको, काही त्रास नाही, मी बघते, असंच म्हणत आल्यावर तेच तोंडून आपोआप निघत असावं.

रेजिसनं तळं काढायच्या कागदांवर सही केली, पण टपालानं. पाकिटात चार ओळींची चिठ्ठी असेल म्हणून तिनं ते उलटं करून झटकून बघितलं. मादोचा फोन नाताळला आला, आणि वाढदिवसाला. दट्ट्या पुन्हा बसवला गेला नाही. वसंतात चिखलावर हिरवी लव आली, आणि जूनपर्यंत ते गवत असं माजलं की पोमियेनं विचारलं, कापून नेऊ का. उन्हाळ्याच्या शेवटी यंत्र आलं आणि बांधाला मधोमध खिंडार पाडलं. रेजिसनं ढकलगाडीनं आणलेली माती दोन दिवसांत ट्रकमधून निघून गेली. ओदील दारात उभी राहून बघत होती. चालकानं तिला हात केला, तिनंही केला.

एक नोव्हेंबरला, कबरींवर फुलं ठेवायच्या दिवशी, ती शेवंतीची कुंडी घेऊन दफनभूमीत गेली, तर आईबाबांच्या कबरीवर आधीच एक कुंडी होती. मोठी, पिवळी, शहरातल्या दुकानाची. कागद अजून ओला होता. म्हणजे रेजिस सकाळीच येऊन गेला. दफनभूमीपासून घर दिसतं, धुराडंही दिसतं, आणि तिनं सकाळपासून चूल पेटवलेली होती. ती थोडा वेळ दोन्ही कुंड्या नीट शेजारी लावत बसली. मग घरी येऊन तिनं एकटीचं सूप गरम केलं आणि उभ्या उभ्या प्यायली.

महिनाअखेरीस सोलेन आली. "आत्या, चल, तुला दाखवायचंय." जुन्या बांधाच्या वर, जिथं कधी काळी सगळ्यात खोल पाणी होतं, तिथं ओढ्याच्या तळाची खडी एका जागी धुऊन ठेवल्यासारखी उजळ दिसत होती. मादीनं शेपटीनं उकरून अंडी पुरली होती. सोलेन कुजबुजत बोलत होती, जणू कुणी झोपलंय. ओदील वाकून बघत राहिली. छान होतं. ते कुणाला तरी सांगावं असं तिच्या मनात आलं, आणि ते कुणाला हेही लगेच कळलं.

"पप्पा कसे आहेत?"

"आहेत. टीव्ही बघतात. आईशी भांडतात."

"इकडचं काही विचारतात?"

"नाही." सोलेननं जरा विचार केला. "पण मी इथून गेले ना, की माझ्या बुटांकडे बघतात. चिखल कसला ते बघतात."

पुढच्या शनिवारी ओदीलनं चांगला कोट घातला, चूल विझवली आणि गाडी अंगणातच ठेवून चौकापर्यंत चालत गेली. रेजिस राहायचा त्या लिमोझची बस तिनं याआधी आईच्या तपासण्यांसाठीच पकडली होती. रेजिसच्या घरी ती त्याच्या लग्नात गेली होती, आणि नंतर एकदा सोलेनच्या बारशाला. बाकी सगळे तिच्याकडेच यायचे. घर तिथं होतं, तळं तिथं होतं, आणि ती तिथंच असायची, म्हणून तिला कुणी बोलवायचं नाही. तिलाही जावंसं वाटलं तर जाता येतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

दार कोरीननं उघडलं. तिच्या हातात कांदा होता.

"ओदील? अगं बाई. काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं, वहिनी."

"मग?"

"जेवायला आले," ओदील म्हणाली, आणि आपला आवाज इतका मोठा कसा आला याचं तिलाच नवल वाटलं.

कोरीननं मागे वळून बघितलं. आतल्या खोलीत टीव्ही चालू होता. तो बंद झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पण दारात कुणी आलं नाही. ओदील पायपुसण्यावर बूट घासत उभी राहिली. बराच वेळ घासत राहिली.

रेजिस आला. सपाता घातलेला, चष्मा कपाळावर. त्यानं आधी तिच्या बुटांकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"गाडी?"

"बसनं आले."

"शनिवारी परतीची बस नसते," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत."

"माहीत आहे," ओदील म्हणाली.

तो तसाच उभा राहिला. मग दारातून बाजूला झाला आणि कोरीनला म्हणाला, "सोलेनची खोली उघड. शेगडी लाव तिथली, गार असेल."